सिग्नल गेला नव्हता

जानेवारीतल्या रविवारी सकाळी साडेसात वाजता आमचं विमान पडलं. जालन्याबाहेर, अंबड रोडच्या आतल्या बाजूला सोयाबीन निघून गेलेलं एक मोकळं रान आहे. मालकाला विचारून आम्ही तिथं उडवतो. पंख सव्वा मीटर, वजन नऊशे ग्रॅम, चौघांच्या पॉकेटमनीतून पुण्याच्या एका सीनियरकडून सेकंडहँड घेतलेलं रिमोटचं ट्रेनर विमान. रिमोट माझ्या हातात होता. विमान लांबून वळून माझ्याकडे यायला लागलं, डावा पंख खाली गेला, मी स्टिक दाबली, पंख आणखी खाली गेला. पुढचा आवाज शेजारच्या शेतातून आला. वाळलेल्या पऱ्हाटीत काहीतरी कचकन मोडल्याचा.

"काय झालं रे?" तिघांनी एकदम विचारलं.

"सिग्नल गेला," मी म्हणालो.

इतक्या सहज म्हणालो की माझा मलाच विश्वास बसला. कॉलेजचा टेक फेस्ट नऊ दिवसांवर होता. पोस्टरवर आमच्या विमानाचा फोटो छापून झाला होता.

उचलायच्या आधी बघा

विमान पडलं की पाय आपोआप पळायला लागतात. पहिल्यांदा थ्रॉटल शून्यावर आणा. मोटार पऱ्हाटीत अडकून बसलेली असते आणि तिला अजून फिरायची ऑर्डर मिळत असते, त्यात मोटार किंवा ईएससी जळतो. आणि रिमोट बंद करू नका. आधी विमानातली बॅटरी काढायची, मग रिमोट. दुसरी गोष्ट म्हणजे नजर. जिथं पडलं त्याच्या मागचं एखादं झाड, विजेचा खांब धरून ठेवा आणि सरळ रेषेत चाला. कपाशीच्या शेतात पांढरं विमान शोधणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं शोधलं त्यालाच विचारा. सगळं शेतच पांढऱ्या ठिपक्यांचं असतं.

मी पोचून विमान उचलणार, तेवढ्यात आमच्यातली इलेक्ट्रॉनिक्सची मैत्रीण ओरडली, "हात नको लावू! आधी फोटो काढ." तेव्हा मला राग आला. आता कळतं की त्या सात-आठ फोटोंनीच सगळं वाचवलं. नाक कुठल्या दिशेला, जमिनीवर पहिली खूण कशाची, तुकडे किती लांब पसरलेत, हे एकदा विमान उचललं की कायमचं पुसलं जातं. आमच्या फोटोत दिसत होतं की आधी डाव्या पंखाच्या टोकानं ढेकळं उडवली आणि मग त्याच्या पुढं दीड मीटरवर नाक रुतलं.

मग तुकडे. कॅनॉपी, चाक, प्रॉपचं मोडलेलं पातं, सर्व्होच्या हाताचा नखाएवढा स्क्रू, सगळं गोळा करायचं. फोमचा चुरा झालेला तुकडासुद्धा टाकायचा नाही, कारण तो परत त्याच खाचेत बसतो.

पण या सगळ्याच्या आधी बॅटरी. आपण वापरतो ती लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो. मोबाईलच्या बॅटरीची बहीण, पण हिला वरून कडक कवच नसतं, नुसती पिशवी असते. कोपरा चेपला, आत दोन थर एकमेकांना टेकले, तर ती लगेच पेटेल असं नाही. अर्ध्या तासानंही पेटू शकते. म्हणून ती बॅगेत, गाडीच्या डिकीत किंवा खिशात टाकून घरी आणायची नाही. आम्ही ती वाळलेल्या काडीकचऱ्यापासून लांब, उघड्या काळ्या मातीवर ठेवली आणि तासभर तिच्याकडे बघत बसलो.

तेवढ्यात शेजारच्या शेताचे मामा आले. "काय करू राहिले रे पोरांनो?"

"मामा, बॅटरी थंड व्हायची वाट बघतोय. पेटली तर तुमची पऱ्हाटी जाईल."

मामांनी एकदा बॅटरीकडं, एकदा पऱ्हाटीकडं बघितलं आणि जाऊन पाण्यानं भरलेली घागर घेऊन आले. खरं तर अशा वेळी बादलीभर वाळू किंवा माती जास्त कामाची, पण घागर बघून आम्हाला बरं वाटलं.

तासानं मीटर लावला. आमची बॅटरी तीन सेलची. प्रत्येक सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट दाखवतो आणि तीनाच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. दोन सेल ३.९ च्या आसपास होते, तिसरा ३.४६. उड्डाण जेमतेम दोन मिनिटांचं झालं होतं. म्हणजे तिसऱ्या सेलला आतून काहीतरी झालं होतं. वरून नुसता एक कोपरा दबलेला. "चालेल रे, चार्ज करून बघू," असं आमच्यातला एक म्हणाला. नाही चालत. चेपलेली, फुगलेली किंवा एक सेल मागे पडलेली बॅटरी चार्जरला लावायची नाही, होस्टेलच्या खोलीत तर नाहीच. आम्ही ती उघड्यावर गाडीच्या बल्बला जोडून पूर्ण उतरवली आणि ई-कचऱ्यात दिली. सगळ्या अपघातात हाच सर्वांत मोठा खर्च होता, दीड-दोन हजारांचा.

वर्तमानपत्रावरचं पोस्टमॉर्टम

संध्याकाळी खोलीत वर्तमानपत्रं अंथरून त्यावर विमान मांडलं. नाक समोर, शेपूट मागे, प्रत्येक तुकडा आपापल्या जागी. वरवर बघता नुकसान तीनच ठिकाणी होतं. नाक दोन सेंटीमीटर आत गेलेलं, प्रॉप मोडलेला, डाव्या पंखाचं टोक फाटलेलं. हे तर कुणालाही दिसतं. जे दिसत नाही, त्यानं दुसऱ्यांदा विमान पडतं.

पंखाच्या आत कार्बनची नळी असते, स्पार म्हणतात तिला. पंखाचा सगळा भार तीच घेते. बाहेरून फोम धड होता, फक्त बुंध्याजवळ वरच्या बाजूला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. सुरकुती दिसली की समजायचं, इथं पंख वाकून परत आलाय. पंखाची दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवलं आणि कान लावला. 'कट्' असा अगदी बारीक आवाज आला. नळी बाहेर काढली तर डोळ्यांना काहीच दिसेना.

मग मेकॅनिकलवाल्यानं एक युक्ती केली. शर्टाला चिकटून आलेल्या कापसाचा बोळा काढला आणि नळीवरून फिरवत नेला. बुंध्यापासून चार बोटांवर कापसाचे तंतू अडकले. तिथं लांबीला उभी चीर होती. बोट फिरवून बघायचा मोह होतो, पण कार्बनचं कूस बोटात गेलं की आठवडाभर निघत नाही. कापूस बरा. आणि कापसाची आपल्याकडं काय कमी!

मोटारीची कथा वेगळी. प्रॉप काढून ती हातानं फिरवली की आतली चुंबकं टक-टक-टक अशी जाणवतात, ते ठीक. आमची मात्र खरखर करत होती. आतल्या चुंबकांवर काळी बारीक पूड मिशीसारखी उभी राहिलेली. आपली काळी माती बसाल्टची झीज होऊन बनलेली आहे आणि बसाल्टमध्ये मॅग्नेटाईट असतं, म्हणजे लोहाचं चुंबकाला चिकटणारं खनिज. लहानपणी मातीत चुंबक फिरवून काळा कीस गोळा केला असेल, तोच हा. दुसरीकडं कुठं लाल मातीत पडलं तर फुंकर मारून भागतं, इथं नाही. हवेच्या पाईपनं ही पूड जात नाही, एका चुंबकावरून दुसऱ्यावर जाते. चिकटपट्टीचा तुकडा काडीला उलटा गुंडाळून एकेक चुंबक पुसून काढावं लागतं. पाऊण तास लागला. नंतर मोटार मंद फिरवून शाफ्टच्या टोकाकडे बघितलं. टोक एका जागी स्थिर दिसलं, म्हणजे शाफ्ट सरळ होता. टोकाचं वर्तुळ दिसलं असतं तर शाफ्ट वाकलेला.

सर्व्हो म्हणजे पंखावरची झडप हलवणारी, काडेपेटीपेक्षा छोटी डबी. आत प्लास्टिकची दातेरी चाकं असतात. जमिनीवर आपटताना झडप उलटी ढकलली जाते आणि पहिला मार या दातांवर बसतो. हात हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायचा. मधेच एका जागी 'घसरल्यासारखं' झालं की दात गेले. डाव्या पंखातला सर्व्हो घसरला. शे-दीडशेची वस्तू आहे, उगाच दुरुस्त करत बसू नये.

रिसीव्हरची अँटेनाही तपासली. २.४ गीगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, त्याचा चौथा भाग म्हणजे सुमारे ३१ मिलिमीटर. अँटेनाच्या टोकाला तेवढीच तार उघडी असते आणि तीच कामाची असते. ती तुटली किंवा आखूड झाली तर जमिनीवर सगळं नीट चालतं आणि दोनशे मीटरवर दगा देते. आमची तार अख्खी होती.

इथपर्यंत येऊन मैत्रिणीनं मोडलेला प्रॉप हातात घेतला आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

दोन्ही पाती

"तू म्हणालास सिग्नल गेला. कधी गेला?"

"पडायच्या आधी. दोन-तीन सेकंद."

"मग फेलसेफ?"

फेलसेफ म्हणजे रिमोटशी संपर्क तुटला तर रिसीव्हरनं काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवणं. आमच्या विमानात ते 'मोटार बंद' असं ठेवलेलं होतं. महिन्यापूर्वी मीच सेट केलं होतं आणि रिमोट बंद करून तपासलंही होतं. सिग्नल खरंच गेला असता तर मोटार बंद पडली असती. थांबलेल्या किंवा नुसत्या वाऱ्यानं फिरणाऱ्या प्रॉपचं बहुतेक वेळा एकच पातं मोडतं, जे खाली असेल ते. आमच्या प्रॉपची दोन्ही पाती बुंध्यातून उडालेली होती. मोटारची प्लायची पट्टी फिरण्याच्या दिशेनं पिळवटून एका बाजूनं उखडली होती. म्हणजे जमिनीला लागताना मोटार जोरात चालू होती.

"असंही होऊ शकतं की..." मी सुरू केलं. तिनं काही न बोलता मोबाईलवरचा व्हिडीओ लावला. चित्रात नुसतं आभाळ आणि तिचा अंगठा. पण आवाज स्वच्छ होता. मोटारीची किंकाळी शेवटपर्यंत, आणि मग धप्प.

खऱ्या विमान अपघातांत तपास अधिकारी हेच करतात. प्रोपेलरची पाती कशी वाकली यावरून इंजिन त्या क्षणी जोर लावत होतं की बंद होतं, याचा अंदाज घेतात. आपल्याकडं हे काम २०१२ मध्ये स्थापन झालेला एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास विभाग करतो. तिथं प्रश्न कोण चुकलं एवढाच नसतो, पुढचं विमान कशानं वाचेल हा असतो. आमच्या खोलीत मात्र त्या क्षणी पहिलाच प्रश्न लोंबकळत होता.

कारण दुसऱ्या दोघांनी तोवर नवा रिसीव्हर शोधायला सुरुवात केली होती. हजार-बाराशे रुपये. त्यातल्या एकाचे घरून पैसे यायचे होते, तरी तो म्हणाला होता, "घेऊ, सिग्नलवर रिस्क नको." मी गप्प बसलो असतो तर त्यानं उधारी करून एक धड वस्तू बदलली असती आणि चूक तशीच माझ्या अंगठ्यात राहिली असती.

"सिग्नल गेला नव्हता," मी म्हणालो. "माझ्याकडं येताना मला डावं-उजवं कळलं नाही. मी उलटी स्टिक मारली."

कुणी काही बोललं नाही. मग मेकॅनिकलवाला म्हणाला, "हां, मग बाराशे वाचले." आणि चहा आणायला गेला.

ही चूक काय असते ते सांगतो, कारण नवख्यांची निम्मी विमानं हिनंच पडतात असं मला आता वाटतं. विमान आपल्यापासून लांब जाताना त्याचं उजवं आणि आपलं उजवं एकच. ते आपल्याकडं वळलं की त्याचा डावा पंख आपल्या उजव्या हाताला येतो. त्या दिवशी माझ्या उजव्या हाताचा पंख खाली गेला आणि मी घाबरून स्टिक डावीकडं ढकलली, त्यानं तो आणखी खाली गेला. यावर सोपा तोडगा आहे. समोरून येताना जो पंख खाली पडलेला दिसतो, स्टिक त्याच बाजूला न्यायची, जणू त्या पंखाखाली स्टिकचा टेकू देतोय. फुकटच्या सिम्युलेटरवर चार संध्याकाळी हेच केलं तरी हात बसतो.

दुरुस्ती: गरम पाणी, कामठी आणि एक मूर्खपणा

दुरुस्त करायचं की सोडून द्यायचं? आम्ही साधा हिशेब लावला. नाक आणि टोकं स्वस्तात सुटतात. पंखाचा मध्य मोडला तर स्पार बदलायचाच. पण पंख मध्यात मोडलाय, शेपटीचा बुंधाही पिळलाय आणि बॉडीला लांब भेगही गेलीय असं तिन्ही एकदम असेल, तर मोटार, सर्व्हो, रिसीव्हर काढून घ्या आणि फोमला निरोप द्या. आमचं त्यातलं एकच होतं.

नाकापासून सुरुवात केली. आमची बॉडी ईपीओ फोमची आहे. दिसायला थर्माकोलसारखी, हाताला जरा रबरी. या फोमचे दाणे चेपले तरी मरत नाहीत. मोटार, वायरी सगळं काढून चेपलेल्या नाकावर केटलीतलं उकळतं पाणी दहा-पंधरा सेकंद ओतलं की दाणे फुगतात. मग थांबायचं, बघायचं, परत ओतायचं. दोन सेंटीमीटरपैकी दीड परत आले. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते. साध्या फोमशीटला किंवा डेप्रॉनला मात्र हे करायला जाऊ नका, ते वेडंवाकडं होतं.

फाटलेल्या पंखाच्या कडा सुरीनं साफ करायचा मोह आवरला. खडबडीत कडा एकमेकांत कुलपासारख्या बसतात, सरळ कापल्या तर तो फायदा जातो. फक्त ब्रशनं माती झाडली, गोंद पातळ लावला आणि वरून चिकटपट्टी.

गोंदाचं मात्र नीट समजून घ्या. फेव्हिकॉल लाकडाला, बाल्साला उत्तम, पण दोन फोमच्या मधे त्यातलं पाणी सुकायला वाटच मिळत नाही. दोन दिवसांनी उघडलं तरी आत ओलं. ग्लूगन पटकन होतं, पण जड. आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, बंद गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त, तेव्हा हा गोंद मऊ पडतो. मोटार ज्यावर बसते त्या प्लायसाठी आम्ही इपॉक्सी वापरला. पाच मिनिटांत घट्ट होणारा नाही, रात्रभर लागणारा. जुना गोंद खरवडून, पॉलिशपेपरनं घासून. मोटार थोडी उजवीकडं आणि थोडी खाली तोंड करून बसवलेली असते, ते मुद्दाम असतं. 'वाकडी झालीय' म्हणून ती सरळ करू नका.

आणि फेविक्विक. ईपीओला चालतं. पण आमची शेपूट आधीच एकदा मोडली होती आणि ती आम्ही फोमशीटची बनवलेली होती. त्यातल्या चिरेत मी घाईत फेविक्विक सोडलं. फेस आला, वास आला आणि शेपटीत दोन रुपयांच्या नाण्याएवढं भोक पडलं. थर्माकोल आणि तसल्या शीटला हे खातं, आणि मला हे माहीत होतं! अपघातात शेपूट शाबूत राहिली होती, ती मी दुरुस्तीत मोडली. नवी शेपूट कापायला एक संध्याकाळ गेली. तिला आधाराला पतंगाची कामठी घातली. संक्रांत नुकतीच झालेली, होस्टेलच्या गच्चीवर फाटक्या पतंगांचा ढीग पडला होता. बांबूची कामठी वजनाला हलकी आणि वाकून परत येणारी. शेपटीसाठी याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही.

स्पारला पण कामठीच घालू, असा प्रस्ताव आला होता. नळीच्या आत बांबू, वरून दोरा, त्यावर इपॉक्सी. रानात अडकलात तर एवढ्यावर घरापर्यंत पोचाल. पण फेस्टच्या दिवशी समोर माणसं उभी असणार होती. नवी नळी मागवली. कुरिअरला चार दिवस लागले.

तुटलेला प्रॉप चिकटवून उडवलेला मी पाहिलाय. कृपा करून हे करू नका. आमचा दहा इंची प्रॉप मिनिटाला आठ हजार फेरे घेतो असं धरलं तर त्याचं टोक ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या पुढं पळत असतं. चिकटवलेलं पातं त्या वेगात सुटलं तर कुठं जाईल सांगता येत नाही. नुसती वाकून पांढरी रेष पडलेली असली तरी प्रॉप कचऱ्यात.

हरभऱ्याएवढं वजन

सगळं जोडून झाल्यावर मेसच्या किचनमधल्या काट्यावर विमान ठेवलं. चौतीस ग्रॅम वाढले होते. चौतीसनं फार बिघडत नाही, पण ते कुठं वाढले हे महत्त्वाचं. शेपूट पंखापासून जितकी लांब असते त्याच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर नाक असतं. म्हणजे शेपटीला एक ग्रॅम गोंद जास्त लागला तर तोल सावरायला नाकात तीन ग्रॅम घालावे लागतात. तराजूचाच हिशेब आहे, मोंढ्यातल्या कुठल्याही हमालाला विचारा. आमच्या शेपटीवर ग्लूगनचे हरभऱ्याएवढे चार ठिपके होते. ते काढले.

पंखाची रुंदी वीस सेंटीमीटर. पुढच्या कडेपासून पाच ते सहा सेंटीमीटरवर दोन्ही बाजूंना बोटं टेकवून विमान उचललं की ते आडवं राहिलं पाहिजे, नाक किंचित खाली गेलं तरी हरकत नाही. शेपूट खाली गेली तर उडवू नका, तसं विमान हातात राहत नाही.

मग सरळपणा. शेपटीच्या मधोमध टाचणी लावून दोरा बांधला, तो उजव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणून खूण केली आणि तोच दोरा डाव्या टोकाला नेला. आठ मिलिमीटरचा फरक आला. पंख तिरका बसला होता. घर बांधताना गवंडी गुण्या आणि ओळंबा लावतो तसंच हे, डोळ्यांवर विश्वास नाही ठेवायचा.

राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाची तारीख, १७ डिसेंबर १९०३, आपण पाठ करतो. त्याच्या तीन दिवस आधी, १४ डिसेंबरला विल्बरनं पहिला प्रयत्न केला होता. साडेतीन सेकंदांत विमान वाळूत आपटलं आणि पुढची झडप मोडली. १७ तारखेला उडालं ते दुरुस्त केलेलं विमान होतं. त्याहून मला आवडते ती पॉल मॅकक्रेडीची गोष्ट. माणसाच्या पायांच्या जोरावर उडणारं 'गॉसमर कॉन्डॉर' त्यानं बारीक नळ्या, तार आणि पारदर्शक प्लास्टिकचं केलं. पडलं की चटकन जोडून परत उडवता यावं असंच. इतरांना एका मोडतोडीतून उठायला महिने लागत, त्याची टीम लगेच पुन्हा मैदानात असे. २३ ऑगस्ट १९७७ ला कॅलिफोर्नियातल्या शाफ्टर इथं ब्रायन ॲलननं ते चालवून क्रेमर पारितोषिक जिंकलं. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना डिझाईन करायचं असतं, दुरुस्तीच्या दिवशी मात्र चौघंच उरतात. असो.

परवानगी आणि पोलीस पाटील

उडवायच्या आधी एक गोष्ट. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे शिक्षणासाठी किंवा छंद म्हणून, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं पंचवीस किलोपर्यंतचं विमान 'मॉडेल' या प्रकारात येतं आणि त्याला टाईप सर्टिफिकेट लागत नाही. तरी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा हिरव्या झोनमध्ये आहे का हे बघायचं आणि चारशे फुटांच्या वर जायचं नाही. हा झाला कायदा. गावातला व्यवहार वेगळा. २०२४ च्या पावसाळ्यात जालना, बीड भागात रात्री ड्रोन दिसल्याच्या चर्चेनं गावंच्या गावं जागत होती, हे आपण विसरलेलो नाही. अनोळखी चार पोरं शिवारात काहीतरी उडवताना दिसली तर लोक विचारणारच. आम्ही पोलीस पाटलांना आधी भेटून सांगतो, विमान दाखवतो, दिवसाच उडवतो. आता त्यांचा मुलगाच बघायला येतो.

कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर तिथं चौकशी करा, एरोमॉडेलिंग त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे आणि वायुसैनिक कॅम्पमध्ये त्याच्या स्पर्धा होतात. पुण्यात सदानंद काळे यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं मॉडेल विमानांचे शो करत आली आहेत. जालन्यात असं कुणी हाताशी नसतं, म्हणून आम्ही एकमेकांना शिकवतो आणि पाडतो.

फेस्टच्या दोन दिवस आधी त्याच रानात गेलो. वारा नव्हता. रिमोट रेंज-चेकवर टाकून तीस पावलं लांब गेलो, झडपा नीट हलत होत्या. मग मैत्रीण विमानाच्या मागं उभी राहिली. "उजवी स्टिक दे." दिली. "थांब. परत दे." परत दिली.

"उजवी झडप वर जायला पाहिजे ना? खाली चाललीय."

नवा सर्व्हो बसवताना मी डावी-उजवी वायर उलट लावली होती. हातातून सोडलं असतं तर विमान पहिल्याच वळणात पाठीवर गेलं असतं, आणि या वेळी माझा अंगठा बरोबर असूनही. वायर बदलली, परत तपासलं, तिसऱ्यांदा तिनं स्वतः तपासलं.

विमान उडालं. थोडं उजवीकडं ओढत होतं, ट्रिमचे चार टिक दिले. मामा बांधावर घागर घेऊन बसले होते, या वेळी आधीपासूनच. तिसऱ्या मिनिटाला मी ते लांबून वळवलं आणि ते सरळ माझ्याकडं यायला लागलं. उजव्या हाताचा पंख खाली गेला. स्टिक उजवीकडं. पंख वर आला. मागून कुणीतरी हळूच "हां" म्हणालं.

उतरताना एका ढेकळाला लागून प्रॉपचं टोक उडालं. दुसरा प्रॉप बॅगेत होता.